लघवीवाटेचे दुखणे : हा आपलाही प्रश्न आहे

कर्करोग म्हटला की आपल्या मंडळांच्या बैठकांत आणि शिबिरांत दोनच नावे निघतात. एक स्तनाच्या कर्करोगाचे, दुसरे गर्भाशयमुखाच्या. ही दोन नावे मोठ्याने उच्चारता यावीत म्हणून कार्यकर्त्यांनी पुष्कळ कष्ट घेतले आहेत आणि ते कष्ट वाया गेलेले नाहीत. पण मूत्राशयाचा, मूत्रपिंडाचा, प्रोस्टेटचा किंवा पुरुषाच्या लिंगाचा कर्करोग यांविषयी आपण गप्प असतो. ‘तो पुरुषांचा आजार, आपला त्याच्याशी काय संबंध’ हे एक कारण. दुसरे कारण लाजेचे. गर्भाशय म्हणताना आता आपली जीभ अडत नाही. लिंग म्हणताना अजून अडते.

सोलापुरातल्या विडी कामगारांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत काम करताना माझे मत असे झाले आहे की, हे मौन स्त्रियांना परवडणारे नाही. का, ते या लेखात मांडते आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका कामापासून करते. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तिथे ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका आणि शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातले परांडा व भूम हे तालुके मिळून ३४६ गावे त्यात घेतली. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये तंबाखू आणि कर्करोग यांच्या नात्यावर संशोधन केलेल्या कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने यांचा या कामात मोठा वाटा आहे.

शहरात नोंदणी करायची तर इस्पितळांची दप्तरे तपासली की बरेचसे काम होते. खेड्यात तसे होत नाही, कारण खेड्यातला रोगी इस्पितळापर्यंत पोचतच नाही. तेव्हा बार्शीच्या लोकांनी उलटा रस्ता धरला. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. लोकांना जमवून कर्करोगाची लक्षणे सांगू लागले, ज्यांना तशी लक्षणे आहेत त्यांना तपासणीला नेऊ लागले. मोजणी करायला निघालेले हे लोक शिकवणारेही झाले. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. या भागात गर्भाशयमुखाचा कर्करोग आता पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आहे, असे त्यात दाखवले होते. पुढे तीनच वर्षांनी, रोगी स्त्रिया पूर्वीपेक्षा जास्त काळ जगू लागल्या आहेत, हेही त्यांनी दाखवले. कोणतेही महागडे यंत्र न आणता, केवळ नीट बोलल्याने हे झाले. गावात जाऊन बायकांशी बोलणे हेच जिचे काम, अशा प्रत्येक कार्यकर्तीने हे लक्षात ठेवावे.

या नोंदणीत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत वर निघाला, यात नवल नव्हते. पण पुरुषांच्या यादीत लिंगाचा कर्करोगही मुंबईसारख्या शहरापेक्षा ठळकपणे दिसला. या दोन गोष्टी एकाच गावात, एकाच घराघरांत असाव्यात हा योगायोग नाही.

जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एच.पी.व्ही. या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार असल्याचे दाखवले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांमागे हा विषाणू असतो, आणि लिंगाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांमागेही तोच असतो. तो पसरतो शरीरसंबंधातून. म्हणजे पुरुषाचा आणि बाईचा हा आजार दोन वेगळ्या खात्यांत मांडण्यासारखा नाही.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला की कुजबुज तिच्याबद्दल होते. लहानपणी लग्न झाले, बाळंतपणे फार झाली, अंगची स्वच्छता ठेवली नाही. दवाखान्यातल्या केसपेपरवरसुद्धा प्रश्न तिलाच विचारले जातात. १९९३ साली दिल्लीच्या संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला. ज्यांचा आयुष्यभरात फक्त एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशीच, संबंध आला अशा स्त्रियांना हा कर्करोग का होतो? त्यांनी नवऱ्यांकडे चौकशी केली. ज्या नवऱ्यांचे लग्नाआधी किंवा लग्नाबाहेर इतर संबंध होते, त्यांच्या बायकांना धोका जास्त असल्याचे आढळले. पतिव्रता राहून बाईने स्वतःला या आजारापासून वाचवले असे होत नाही. तिचा धोका दुसऱ्याच्या वागण्याने ठरतो, आणि त्या वागण्याविषयी विचारण्याची सोय तिला घरात नसते.

हा शोध लागून तीस वर्षे उलटून गेली. तरी आपल्या आरोग्य शिबिरांत आजही समोर बसलेल्या असतात त्या बायका, आणि पुरुष असतात बाहेर, मंडपाच्या खांबाला टेकून विडी ओढत.

लिंगाच्या कर्करोगाची लक्षणे काही गुंतागुंतीची नाहीत. न भरणारी जखम, गाठ किंवा चामखिळीसारखी वाढ, कातडीखालून येणारा घाण वासाचा स्राव. पुष्कळदा दुखत नाही, म्हणून लपवता येते. लिंगाची पुढची कातडी मागे सरत नसेल तर आत मळ साचतो, सूज राहते आणि धोका वाढतो. तंबाखू ओढण्यानेही वाढतो. आजार लवकर कळला तर थोड्या शस्त्रक्रियेत अवयव वाचवता येतो. उशीर झाला तर अवयव काढावा लागतो, आणि जांघेतल्या गाठींत रोग पसरला असेल तर जीवही वाचवणे कठीण होते. ज्या समाजांत मुलग्यांची सुंता लहानपणीच होते तिथे हा कर्करोग फार क्वचित दिसतो. याचा अर्थ सगळ्यांनी सुंता करावी असा नाही. मोठ्या झालेल्या मुलाने आंघोळीच्या वेळी कातडी हलकेच मागे घेऊन साध्या पाण्याने धुण्याची सवय ठेवली, आणि कातडी मागे सरतच नसेल तर डॉक्टरांना दाखवले, तर बराचसा धोका टळतो. (अगदी लहान मुलाची कातडी मात्र ओढून मागे करू नये; ती वयाप्रमाणे आपोआप सुटते.)

पण हे मुलाला सांगायचे कोणी? मुलगी वयात आली की आई, मावशी, शेजारीण, शाळेतल्या बाई, सगळ्या तिला काही ना काही सांगतात. चुकीचे असले तरी सांगतात. मुलग्याला कोणीही काही सांगत नाही. बाप सांगत नाही, मास्तर सांगत नाहीत. तो जे शिकतो ते पानटपरीवर. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजगटांतल्या वैयक्तिक स्वच्छतेच्या सवयींची तुलना केली होती, ती कुठल्या गटात गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी आणि कुठल्या गटात जास्त हे लक्षात घेऊन. ज्या प्रश्नाकडे त्यांनी तेव्हा संशोधक म्हणून पाहिले, त्याकडे आपण आई म्हणून आणि शिक्षिका म्हणून अजून पाहिलेले नाही.

हीच एकांगी दृष्टी लशीच्या बाबतीत दिसते. एच.पी.व्ही. लशीचे नाव काढले की चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींना २०१० साल आठवेल. आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथे मुलींना लस देण्याचा प्रकल्प स्त्री-संघटनांच्या विरोधानंतर थांबवला गेला. संमती कोणाकडून घेतली, वसतिगृहातल्या मुलींच्या वतीने सही कोणी केली, हे प्रश्न तेव्हा आपण विचारले आणि ते विचारायलाच हवे होते. त्यानंतर पाण्याखालून पुष्कळ अभ्यास झाले आहेत. लस सुरक्षित आणि गुणकारी असल्याचे जगभर दिसून आले आहे. २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला आपल्या देशात परवानगी मिळाली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पाच्या भाषणात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला उत्तेजन देण्याची घोषणा झाली. मुलींच्या. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही ही लस देतात, ब्रिटनमध्ये २०१९ पासून. पैसा अपुरा असेल तर आधी मुलींना द्यावी हा हिशेब मला समजतो. पण रोग पसरवणाऱ्या साखळीतली अर्धी कडी मुलगे आहेत, ही गोष्ट निदान बोलली तरी जावी. नाहीतर गर्भनिरोधनाची, नसबंदीची, तशीच याही आजाराची जबाबदारी सुईच्या टोकावर बाईच्याच दंडात टोचली जाईल.

आता मूत्राशयाकडे येते, कारण हा आजार बायकांनाही होतो आणि आपल्या शहराचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

मूत्राशयाच्या कर्करोगाचे सगळ्यांत मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. धुरातली विषारी द्रव्ये रक्तात जातात, मूत्रपिंडातून गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात साचून राहतात. दुसरे जुने कारण रंगांच्या कारखान्यांतले. जर्मनीत १८९५ साली लुडविग रेन या शल्यविशारदाने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कर्करोग होतो हे प्रथम दाखवले. पुढे बेंझिडिनसारखी द्रव्ये दोषी ठरली आणि आपल्याकडे १९९० च्या दशकात बेंझिडिनवर आधारलेल्या रंगांवर बंदी आली. विडी आणि सूत या दोहोंवर वाढलेल्या सोलापुरात हे दोन्ही धडे भिंतीवर लिहून ठेवायला हवेत.

विडी ओढणारे बहुतेक पुरुष. वळणाऱ्या मात्र आपण बायका. विडी वळणारीच्या शरीरात काय जाते, हा प्रश्न मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास विचारला. त्यांनी विडी कामगारांच्या लघवीची तपासणी केली. तंबाखू न ओढता, न खाता, नुसती हाताळल्याने आणि तिची धूळ नाकातोंडात गेल्याने तंबाखूतली द्रव्ये या बायकांच्या अंगात उतरतात आणि लघवीत दिसतात, असे त्यांना आढळले. प्रत्येक विडी वळणारीला मूत्राशयाचा कर्करोग होईल असा याचा अर्थ नाही, आणि तसे सांगून कोणाला घाबरवू नये. पण ‘आमची बाई तंबाखूला शिवतसुद्धा नाही’ हे वाक्य सोलापुरात खरे नाही, एवढे त्यातून निश्चित होते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसणारीने हात न धुता भाकरी थापू नये, तंबाखू झोपायच्या खोलीत साठवू नये, तान्हे मूल सुपाजवळ निजवू नये, हे सांगणे हे आपले काम आहे. तिला वेगळी कामाची जागा आणि नियमित आरोग्य तपासणी मिळवून देणे हेही.

मूत्राशयाच्या कर्करोगाचे मुख्य लक्षण म्हणजे लघवीतून रक्त जाणे, तेही पुष्कळदा दुखल्याशिवाय. एकदा जाते, मग आठ-पंधरा दिवस काहीच नाही. माणूस निर्धास्त होतो. आमच्या वस्तीतली एक बाई मला म्हणाली, “ताई, मालकांच्या लघवीतनं रगत गेलं, पर ऊन लागलं असंल म्हणून म्या सब्जा देतीया.” सोलापूरच्या उन्हात उन्हाळी कोणाला लागत नाही? त्यामुळे धन्याचे पाणी, सब्जा, मग मुतखड्याचे काढे, मग गल्लीतल्या डॉक्टरची गोळी, असे महिने जातात. आग होणे वेगळे आणि लाल लघवी होणे वेगळे, हा फरक आपण घराघरांत सांगितला पाहिजे. चाळिशीनंतर एकदा जरी लघवीतून रक्त गेले तरी तपासणी करायची, इतका साधा नियम आहे.

बाईच्या बाबतीत तर आणखी घोटाळा होतो. तिच्या लघवीतले रक्त पाळीचे समजले जाते, पाळी गेलेली असली तर ‘अंगावरचे’ समजले जाते, नाहीतर जंतुसंसर्ग म्हणून गोळ्यांवर गोळ्या दिल्या जातात. मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांत जास्त असला तरी स्त्रियांत तो उशिरा ओळखला जातो, हे इतर देशांतल्या अभ्यासांतही दिसले आहे. रक्त नेमके कुठून येते हे बाईला विचारायला कोणाला सवड नसते, आणि तिला सांगायला शब्द नसतात. लघवीची वाट आणि पाळीची वाट वेगळी आहे, हे शरीर-ओळखीच्या शिबिरात चित्र काढून दाखवले की चाळीस-चाळीस वर्षे संसार केलेल्या बायका आश्चर्याने बघत राहतात, हा तुमच्यापैकी अनेकींचा अनुभव असेल.

आणि आजार पुरुषाचा असला तरी तो झेलणारी कोण? लघवीची नळी आणि पिशवी लागलेल्या माणसाची पिशवी रिकामी करणारी, चादरी धुणारी, दवाखान्याच्या रांगेत उभी राहणारी त्याची बायको असते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांचा खर्च मिळतो, हे चांगलेच आहे. पण जितक्या विड्या वळाव्या तितकीच मजुरी, अशा कामातली बाई महिनाभर खाटेपाशी बसली तर तिचा तो महिना कोण भरून देणार? विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्याने बसवलेला उपकर २०१७ साली जी.एस.टी. आला तेव्हा रद्द झाला. त्याचा जाब संघटनांनी सरकारला विचारत राहिले पाहिजे. शिवाय लिंगाचा आजार असेल तर नवऱ्याची चिडचिड, संशय, दारू आणि मार हेही तिच्याच वाट्याला येते. ‘माझं पुरुषपण गेलं’ या दुःखाचा राग तो तिच्यावर काढतो. आपल्या सल्ला केंद्रांवर हिंसाचाराच्या तक्रारी लिहून घेताना घरातल्या आजाराचीही चौकशी करावी, असे मी सुचवेन.

संशोधनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वर मी बार्शीच्या कामाचे कौतुक केले, ते मनापासून. पण याच परिसरात, उस्मानाबाद जिल्ह्यात, झालेल्या एका मोठ्या अभ्यासाकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांप्रमाणे चार गट केले. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतींनी एकदा तपासणी केली. चौथ्या गटाला माहिती दिली, नेहमीच्या दवाखान्यात जाण्याचा सल्ला दिला, पण अभ्यासातर्फे तपासणी केली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एच.पी.व्ही. चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजारांच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे होतात हे जगाला कळले ते आपल्या गावच्या बायकांमुळे. नेहमीची व्यवस्था कोणाचीच तपासणी करत नव्हती, म्हणून तुलना न्याय्यच होती, असे संशोधकांच्या बाजूने म्हटले जाते. टीकाकार विचारतात की, तपासणीने जीव वाचतो हे इतर देशांत आधीच माहीत असताना गरीब बायकांचा एक गट तसाच का ठेवला? मला टीकाकारांचा प्रश्न अधिक वजनाचा वाटतो. पण त्याहून मोठा दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिच्यात ‘काहीच न मिळणे’ हीच नेहमीची गोष्ट होती. त्या ६४ जणींचे ऋण फेडायचे तर ती तपासणी आज प्रत्येक उपकेंद्रात मिळाली पाहिजे, आणि ती मिळेपर्यंत आपण गप्प बसता कामा नये.

कोणी मैत्रीण म्हणेल, “पुरुषांच्या आजाराचेही काम आता आम्हीच करायचे का? आधीच काय कमी ओझी आहेत?” प्रश्न रास्त आहे. पुरुषांना समजवायचे ओझे आपण घ्यावे असे मी म्हणत नाही. ते कामगार संघटना, तालमी, भजनी मंडळे, गणेश मंडळे आणि ग्रामपंचायती यांच्यावर टाकावे आणि त्यांच्याकडून करवून घ्यावे. आपल्या व्यासपीठावर आपण निदान पुढच्या गोष्टी करू शकतो. शरीर-ओळखीच्या शिबिरात मूत्रमार्गाचा धडा घालावा आणि पुरुषाच्या अवयवाचे चित्रही दाखवावे. गर्भाशयमुखाच्या तपासणीचे शिबिर लागेल तेव्हा त्याच दिवशी नवऱ्यांसाठी वेगळी बैठक आणि पुरुष डॉक्टर यांची मागणी करावी. शाळेत मुलींना जे शिकवले जाते ते मुलग्यांनाही शिकवा, असा ठराव पालकसभेत आणावा. विडी कामगारांच्या दवाखान्यात लघवीच्या तपासणीची नोंद ठेवायला लावावी. आणि कोणी संशोधक आपल्या वस्तीत आले तर तीन प्रश्न लेखी विचारावेत: संमतीपत्र आमच्या भाषेत वाचून दाखवणार का, ज्या गटाला उपचार नाही त्याला पुढे काय मिळणार, आणि निष्कर्ष आम्हाला इथे येऊन सांगणार का?

बार्शीच्या कार्यकर्त्यांनी कर्करोग हा शब्द तीनशेच्या वर गावांत नेला, तेव्हा त्यांच्याजवळही सायकल, वही आणि जीभ याखेरीज फारसे काही नसणार. आपल्याजवळ तेवढे नक्की आहे. पुढच्या तिमाहीतल्या तुमच्या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय एक तासापुरता तरी घाला, आणि त्यात बायकांनी काय प्रश्न विचारले ते या अंकाकडे लिहून पाठवा.